खणातलं पिस्तूल

स्मिथ अँड वेसन ही अमेरिकेतली बंदुका बनवणारी जुनी कंपनी. १८८७ च्या सुमारास तिने एक छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याचा घोडा बाहेर दिसत नसे, तो आत झाकलेला होता. मुठीच्या मागच्या बाजूला धातूची एक पट्टी बसवलेली होती. तळव्याने ही पट्टी दाबून धरली आणि त्याच वेळी बोटाने चाप ओढला, तरच गोळी सुटायची. दोन्हीपैकी एकच गोष्ट केली तर काही होत नसे. मूठ अशी पिळावी लागते म्हणून लोकांनी त्या रिव्हॉल्व्हरला लिंबू पिळायच्या चिमट्याचं नाव देऊन टाकलं. १९४० पर्यंत अशी सुमारे ५ लाख रिव्हॉल्व्हरं तयार झाली.

आपल्याला इथे रस आहे तो कंपनीच्या जाहिरातीत. आठ वर्षांखालच्या सर्वसाधारण मुलाला हे रिव्हॉल्व्हर झाडता येणार नाही, असा दावा तिने केला होता. त्यामागचं तर्कशास्त्र साधं होतं. लहान मुलाच्या एका बोटात पुरेसा जोर नसतो, म्हणून ते दोन्ही हातांची बोटं चापावर लावतं. तसं केलं की तळवा मुठीवरून सुटतो, पट्टी दाबली जात नाही आणि चाप अडकून बसतो. मुलाची ताकद, हाताचा आकार आणि सवय या तिन्हींचा विचार करून केलेली ही रचना आहे.

या जाहिरातीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती नजरेतून सुटू नये. घरात भरलेलं रिव्हॉल्व्हर असेल तर मूल कधी ना कधी ते हातात घेणार, हे कारखानदाराने १८८७ सालीच मान्य केलं होतं. मुलांना बंदूक हाताळू द्यावी की नाही, हा प्रश्न आपण वादविवाद स्पर्धेत ठेवला तर मुलं 'द्यावी' आणि 'देऊ नये' अशा दोन बाजू घेऊन तावातावाने बोलतील. पण या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर खरा वाद तिथे नव्हताच असं दिसतं. बंदूक आणि मूल एका छताखाली असतील तर अपघात टाळण्याची जबाबदारी कोणावर टाकायची, हा खरा वाद होता. मुलाच्या शहाणपणावर, की मोठ्यांच्या कुलपावर, की वस्तूच्या रचनेवर? अमेरिकेने तिन्ही उत्तरं आलटून पालटून दिली. त्यांतलं कोणतं किती चाललं हे तपासणारे प्रयोगही तिथेच झाले. म्हणून ही कथा तिथलीच सांगायला हवी.

पहिलं उत्तर होतं शिक्षणाचं. अमेरिकेच्या खेड्यांत बंदूक हे कोयत्या-कुऱ्हाडीसारखं अवजार होतं. शेतकऱ्याचा मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की बापाबरोबर शिकारीला जाई आणि नळीचं तोंड कुठे धरायचं ते पाहत पाहत शिके. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे शिक्षण शहरी शाळांतही शिरलं. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांच्या क्रीडासंघाने नेमबाजी हा शालेय खेळ केला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या उपक्रमाचं कौतुक केलं होतं. शाळेत गोळ्या उडवणं शक्य नव्हतं, म्हणून एक गमतीदार यंत्र वापरत. खरी रायफल एका चौकटीला जोडलेली असे. मुलाने दूरच्या निशाणावर नेम धरून चाप ओढला की चौकटीतली सुई पुढे येऊन जवळच्या छोट्या कागदी निशाणाला टोचे. नेम कुठे लागला असता ते त्या भोकावरून कळे. काडतूस नाही, आवाज नाही, धोका नाही. नेमबाजीतलं कौशल्य आणि गोळीतली ऊर्जा या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात हे ज्याला सुचलं, तो मला चांगला शिक्षक वाटतो.

याच काळात खेळण्याच्या दुकानातही बंदूक आली. मिशिगन राज्यातल्या प्लिमथ गावात पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी होती. १८८८ च्या सुमारास तिने पवनचक्कीबरोबर भेट म्हणून हवेच्या दाबावर छर्रा उडवणारी बंदूक द्यायला सुरुवात केली. भेटवस्तूच इतकी लोकप्रिय झाली की १८९५ मध्ये कंपनीने बंदुकीचंच 'डेझी' हे नाव घेतलं. पुढे पवनचक्क्या बंद पडल्या आणि अमेरिकन मुलांच्या दोन-तीन पिढ्या डेझी घेऊन वाढल्या.

या दोन्ही चित्रांत बंदूक लांब नळीची आहे, ती भिंतीवर टांगलेली किंवा कोपऱ्यात उभी आहे आणि ती वापरताना मोठं माणूस जवळ आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदललं. शेती मागे पडली, शहरं वाढली आणि चोरापासून बचाव म्हणून लोक पिस्तूल घेऊ लागले. शिकारीची बंदूक घरी आल्यावर रिकामी करून ठेवता येते. बचावासाठी घेतलेलं पिस्तूल मात्र मध्यरात्री एका क्षणात हाताशी यावं लागतं. म्हणून ते भरलेलं असतं, कुलपाबाहेर असतं आणि बहुधा पलंगाशेजारच्या खणात असतं. म्हणजे ज्या गुणांसाठी ते विकत घेतलं, तेच गुण मुलासाठी घातक. २०१५ सालच्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार अमेरिकेत सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहत होती, जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि कुलूप न लावलेली होती.

मूल चाप ओढू शकतं का, हा प्रश्न १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष मोजून तपासला गेला. दोन्ही तर्जन्यांनी मूल किती जोर लावू शकतं ते पाहिलं. १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो वजनाइतका जोर, ३-४ वर्षांच्या मुलांपैकी २५ टक्के, ५-६ वर्षांच्या मुलांपैकी ७० टक्के आणि ७-८ वर्षांच्या मुलांपैकी ९० टक्के लावू शकली. मग बाजारातली ६४ पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं तपासली. त्यांतल्या ५९ ना १० पौंड किंवा त्याहून कमी जोर पुरत होता. शाळेत स्प्रिंगचा तराजू असेल तर हे मापन तुम्हालाही करता येईल. तराजू टेबलाला घट्ट बांधा आणि मुलांना दोन तर्जन्यांनी हूक ओढायला सांगा. पहिलीतल्या मुलांचे आकडे पाहून तुम्ही चकित व्हाल.

ताकद असते, हे ठरलं. पण मूल शहाणपणाने वागलं तर? हे दुसरं उत्तर होतं. १९८८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय रायफल संघटनेने 'एडी' नावाच्या गरुडाचं चित्रपात्र घेऊन लहान मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. बंदूक दिसली तर थांब, हात लावू नकोस, तिथून दूर जा, मोठ्या माणसाला सांग, एवढाच त्याचा संदेश. संदेश चुकीचा नाही, उलट अगदी बरोबर आहे. प्रश्न असा की मूल ते वाक्य म्हणून दाखवतं तेव्हा नेमकं काय शिकलेलं असतं? आपण शिक्षक मंडळींनी हा प्रश्न रोजच स्वतःला विचारायला हवा.

२००१ साली बालरोगांवरच्या एका प्रमुख नियतकालिकात अटलांटा शहरातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या २९ गटांत विभागलं. एकेका गटाला एका खोलीत जास्तीत जास्त १५ मिनिटं सोडलं. खोलीत एका बाजूने पारदर्शक असा आरसा होता आणि त्यामागे संशोधक बसले होते. टेबलाच्या वेगवेगळ्या खणांत पाण्याच्या दोन पिचकाऱ्या आणि एक खरं पिस्तूल ठेवलं होतं. पिस्तुलात गोळी नव्हती, पण आत एक छोटा प्रक्षेपक बसवलेला होता. गोळी सुटण्याइतक्या जोराने चाप ओढला की आरशामागे दिवा लागायचा. पालकांची लेखी संमती अर्थातच घेतली होती.

२९ पैकी २१ गटांना पिस्तूल सापडलं. त्यांतल्या १६ गटांनी ते हाताळलं. १० गटांत कोणीतरी चाप ओढला आणि दिवा लागला. सापडलेलं पिस्तूल खेळण्यातलं आहे की खरं, हे जवळजवळ निम्म्या मुलांना ओळखता आलं नव्हतं. (दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल घेऊन फिरणारी आपल्याकडची मुलं या परीक्षेत कितपत पास होतील?) पालकांना आधी विचारलं होतं की तुमच्या मुलाला बंदुकीचं आकर्षण किती आहे. आकर्षण कमी आहे असं ज्यांच्याबद्दल सांगितलं होतं, त्या मुलांनीही इतरांइतकंच पिस्तूल हाताळलं. ज्यांनी पिस्तूल हातात घेतलं किंवा चाप ओढला, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीपासून सावध राहण्याची काही ना काही शिकवण आधी मिळालेली होती. या शेवटच्या आकड्यापाशी मी तरी बराच वेळ थांबलो.

२००४ साली ४-५ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगाने हे आणखी बारकाईने दाखवलं. एका गटाला एडी गरुडाचा कार्यक्रम दिला. दुसऱ्या गटाला तीच गोष्ट नाटकासारखी करून, पुन्हा पुन्हा सराव देऊन शिकवली. काय करायचं ते दोन्ही गटांना तोंडाने नीट सांगता येऊ लागलं. 'आता इथे बंदूक आहे असं समज' म्हटल्यावर सराव केलेला गट अधिक चांगला वागला. पण मुलाला न कळवता खोलीत पिस्तूल ठेवलं तेव्हा दोन्ही शिकवण्या अपुऱ्या पडल्या. पुढच्या प्रयोगांत संशोधकांनी मूल चुकत असतानाच, त्याच जागी, त्याच क्षणी खोलीत शिरून सराव घेतला, तेव्हा कुठे बरीच मुलं शिकली. रस्ता ओलांडायला मूल फळ्यावरच्या चित्रावरून शिकत नाही, ते रस्त्यावर शिकतं. हेही तसंच.

शिकवण्याचा काहीच उपयोग नाही, असा अर्थ मात्र यातून काढू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८ ते १२ वर्षांच्या मुलांना एका मिनिटाची चित्रफीत दाखवली. तिच्यात गणवेशातला पोलीस अधिकारी बंदुकीबद्दल सूचना देत होता. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला मोटारीतल्या सुरक्षिततेची चित्रफीत दाखवली. आठवड्याने सर्वांना अटलांटातल्यासारख्याच खोलीत खेळायला सोडलं. बंदुकीची सूचना न मिळालेल्यांपैकी ६७ टक्के मुलांनी पिस्तुलाला हात लावला. सूचना मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. एका मिनिटाच्या शिकवणीने एवढा फरक पडावा हे कौतुकास्पद आहे. गणिताच्या पेपरात १०० पैकी ६१ मिळाले तर आपण मुलाची पाठ थोपटतो. इथे उरलेल्या ३९ जणांच्या हातात पिस्तूल आहे.

मग तिसरं उत्तर, मोठ्यांवर बंधन घालण्याचं. १९८९ साली फ्लोरिडा राज्यात लहान मुलांच्या हातून गोळी सुटल्याच्या घटना लागोपाठ घडल्या. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, की भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागेल अशी ठेवली आणि त्यातून इजा झाली तर बंदुकीचा मालक गुन्हेगार. असा हा पहिला राज्य-कायदा. पुढच्या काही वर्षांत आणखी राज्यांनी तो उचलला. १९९७ साली अशा १२ राज्यांचे आकडे तपासले गेले, तेव्हा १५ वर्षांखालच्या मुलांचे बंदुकीच्या अपघातातले मृत्यू अपेक्षेपेक्षा २३ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. नंतरच्या छाननीत असंही दिसलं की हा परिणाम फ्लोरिडात ठळक होता, इतर बऱ्याच राज्यांत अंधुक. फ्लोरिडात शिक्षा कडक होती आणि चर्चाही खूप झाली होती. २००४ च्या एका अभ्यासात १४ ते १७ वर्षांच्या मुलामुलींच्या आत्महत्यांचं प्रमाणही अशा राज्यांत सुमारे ८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. किशोरवयातला निराशेचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात कपाट बंद असणं महत्त्वाचं ठरतं.

मग वस्तूचीच रचना बदलायचं १८८७ सालचं उत्तर कुठे गेलं? त्याची तुलना औषधाच्या बाटलीशी करून पाहू. १९६०च्या दशकात घरातल्या ॲस्पिरिनच्या गोळ्या खाऊन शेकडो मुलांना विषबाधा होई. कॅनडातल्या विंडसर गावचे डॉक्टर आंरी ब्रो यांनी पालकांना सांगून सांगून पाहिलं. शेवटी १९६७ मध्ये दाबून फिरवल्याशिवाय न उघडणारं झाकण त्यांनी पुढे आणलं. इथेही एकाच वेळी दोन क्रिया, अगदी त्या जुन्या रिव्हॉल्व्हरसारख्या! १९७० साली अमेरिकेने अशी झाकणं कायद्याने सक्तीची केली. मग १९७२ मध्ये घरगुती वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी तिथे राष्ट्रीय आयोग नेमला गेला. पण बंदुकीला त्याच्या कक्षेतून वगळलं. त्यामुळे चमत्कारिक स्थिती झाली. खेळण्यातल्या पिस्तुलाचा रंग, टोक, सुटे भाग यांवर हा आयोग नियम करू शकतो, खऱ्या पिस्तुलावर नाही. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसननेच अमेरिकी सरकारशी करार करून मुलांना झाडता येणार नाहीत अशी पिस्तुलं बनवायचं कबूल केलं. तेव्हा बंदूकप्रेमी ग्राहकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. कंपनी विकली गेली आणि करार कागदावरच राहिला. आपल्या पणजोबांनी ज्याची अभिमानाने जाहिरात केली, त्याच गोष्टीबद्दल पणतूंना शिक्षा झाली म्हणा ना.

२०२० साली अमेरिकेत १ ते १९ वर्षे वयोगटातल्या मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने वाहन-अपघातांना मागे टाकून पहिला क्रमांक गाठला. त्यांतले बहुतेक मृत्यू खून आणि आत्महत्यांचे, अपघाताने गोळी सुटण्याचा भाग लहान आहे. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर मुलांच्या हातातल्या बंदुकीवरच सगळं खापर फुटेल.

"मोठं माणूस शेजारी उभं असलं की झालं," असं पुष्कळांना वाटतं. २०१४ साली ॲरिझोना राज्यात ९ वर्षांची एक मुलगी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उझी ही स्वयंचलित बंदूक चालवत होती. एकेक गोळी झाडून झाल्यावर तिला सलग गोळीबार करू दिला. बंदूक हातातून वर उसळली आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा गोळी लागून मृत्यू झाला. यात मुलीची चूक शोधण्याऐवजी न्यूटनकडे जावं. उझीची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०० मीटर. म्हणजे एका गोळीचा संवेग ०.००८ × ४०० = ३.२ एकक. मिनिटाला ६०० गोळ्या, म्हणजे सेकंदाला १०. तेव्हा बंदुकीवर मागच्या दिशेने सरासरी ३२ न्यूटन, म्हणजे सुमारे सव्वातीन किलो वजनाइतका जोर सतत पडतो. नळीतून सुटणाऱ्या वायूचा जोर आणखी वेगळा. शिवाय नळी मनगटाच्या वर असते, म्हणून हा जोर बंदुकीचं तोंड वर फिरवतो. प्रौढ माणूस खांदा आणि शरीराचं वजन लावून ते सावरतो. नऊ वर्षांच्या मनगटाला ते जमत नाही, आणि मधे हात घालायला प्रशिक्षकापाशी सेकंदाचाही अवधी नसतो. नववी-दहावीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावं.

आपल्याकडे घरोघरी पिस्तूल नाही. १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली होती. स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र कायदाही परवान्याचाच आहे. त्यात आधी वयाची अट १६ वर्षांची होती. १९८३ च्या दुरुस्तीने ती २१ केली. मात्र प्रशिक्षणासाठी याच कायद्यात सवलत ठेवलेली आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे १२ वर्षांपुढच्या मुलामुलींना कनिष्ठ नेमबाज म्हणून देखरेखीखाली सराव करता येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ साली, शाळकरी वयात, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवलं. अंजली भागवत यांची सुरुवात मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीमध्ये झाली. म्हणजे भारतातला कायदा मुलाच्या हातात बंदूक द्यायला सरसकट ना म्हणत नाही. तो जागा ठरवून देतो.

एनसीसीच्या गोळीबाराला ज्या शिक्षकांनी मुलं नेली आहेत, त्यांना ही जागा कशी असते ते ठाऊक आहे. ०.२२ ची रायफल, एका वेळी एक गोळी. नळीचं तोंड कायम निशाणाकडे. हुकूम मिळाल्याशिवाय कोणी भरायचं नाही आणि हुकूम मिळाला की सगळ्यांनी थांबायचं. गोळीबार संपला की रायफल रिकामी असल्याची तपासणी होते. झाडलेल्या काडतुसांची टरफलं वेचून मोजली जातात, दिलेल्या गोळ्यांशी हिशेब जुळवला जातो. एक टरफल कमी भरलं तर सगळी पलटण गवतात वाकून ते शोधत बसते. हिशेब जुळला की रायफली कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, परत जातात. तिथे साखळी ओवून त्यांना कुलूप लागतं आणि किल्लीची नोंद वहीत होते.